स्वतंत्र लीगमधील बेसबॉल मॅनेजरची कारकीर्द: सव्विसाव्या वर्षी हे पद स्वीकारावे का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय सव्वीस, अमेरिकेतील महाविद्यालयात चार वर्षे बेसबॉल खेळून झालेले, त्यानंतर एका स्वतंत्र लीगमधील संघात दोन हंगाम हिटिंग कोच (फलंदाजीचा प्रशिक्षक) म्हणून काम, आणि आता त्याच संघाच्या मालकांनी पुढच्या हंगामासाठी मॅनेजरपद देऊ केले आहे. हे पद स्वीकारावे का, त्यातून मेजर लीगशी (अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल लीगशी) संलग्न संघांकडे जाण्याची वाट निघते का, आणि आपल्यापेक्षा वयाने मोठ्या खेळाडूंना सांभाळायचे कसे, अशी तीन उत्तरे आपण मागितली आहेत. पुण्यात राहणाऱ्या आईवडिलांना हे पद म्हणजे नेमके काय हे समजावून सांगता येत नाही, असेही आपण लिहिले आहे, म्हणून काही गोष्टी मी त्यांच्यासाठीही लिहितो आहे. मी सुमारे वीस वर्षे अशा संघांमध्ये खेळाडूंची निवड आणि करार यांचे काम केले, त्यातील चार हंगाम बेंच कोच (मॅनेजरचा सामन्यातील सहायक) म्हणून डगआउटमध्ये (मैदानालगतच्या संघाच्या बसण्याच्या जागेत) बसलो, आणि या काळात सात मॅनेजरांबरोबर काम केले, त्यांपैकी तिघे नेमणुकीच्या वेळी तिशीच्या आतले होते.

पद स्वीकारा, असेच मी सांगेन. मात्र आपल्या पत्रात सामन्यातील डावपेचांविषयी दोन पाने आहेत आणि खेळाडू कोठून आणणार याविषयी एक ओळही नाही. माझे उत्तर मुख्यतः त्या न लिहिलेल्या ओळीविषयी आहे.

आधी आईवडिलांसाठी. क्रिकेटमध्ये गोलंदाज कधी बदलायचा, क्षेत्ररक्षण कसे लावायचे हे मैदानावरचा कर्णधार ठरवतो आणि प्रशिक्षक सीमारेषेबाहेरून पाहतो. बेसबॉलमध्ये हे सर्व अधिकार मॅनेजरकडे असतात. तो खेळाडूंसारखाच गणवेश घालून डगआउटमध्ये बसतो, फलंदाजांचा क्रम लिहून अंपायरच्या हाती देतो, पिचर (गोलंदाजासारखा चेंडू टाकणारा) थकला असे वाटले की स्वतः चालत मैदानात जाऊन त्याच्या हातातून चेंडू घेतो, आणि अंपायरशी वाद घालायचा असेल तर तोच घालतो. कर्णधार आणि प्रशिक्षक हे दोन्ही एकाच माणसात आले, असे म्हटले तर ते बरेचसे बरोबर होईल. आता ‘स्वतंत्र’ या शब्दाविषयी. अमेरिकेतील मेजर लीगमध्ये तीस क्लब आहेत आणि त्या प्रत्येकाच्या हाताखाली लहान शहरांत चालणारे संघ आहेत, ज्यांत त्या क्लबने करारबद्ध केलेले तरुण खेळाडू तयार होतात. स्वतंत्र लीगमधील संघ यांपैकी कोणाच्याही हाताखाली नसतात. १९९३ मध्ये नॉर्दर्न लीग आणि फ्रंटियर लीग या दोन लीग सुरू झाल्या आणि आजची स्वतंत्र बेसबॉलची व्यवस्था तेथून उभी राहिली. १९९८ मध्ये अटलांटिक लीग आली, २००६ पासून अमेरिकन असोसिएशनचे सामने होऊ लागले. खेळाडूंचा पगार स्थानिक मालक देतो, आणि तो पैसा तिकिटे, खाद्यपदार्थ व जाहिरातींचे फलक यांतून येतो.

या फरकाचा मॅनेजरच्या कामावर जो परिणाम होतो, तो बाहेरून दिसत नाही. संलग्न संघाच्या मॅनेजरला खेळाडू वरून मिळतात. कोणता पिचर किती चेंडू टाकणार, कोणता मुलगा कोणत्या जागी खेळणार, हेही बहुतांशी वरूनच ठरते, आणि कोणाला काढायचे असेल तर तो निर्णय दुसऱ्या शहरातील कार्यालयात झालेला असतो. स्वतंत्र लीगमध्ये बहुतेक ठिकाणी खेळाडू शोधणे, त्यांच्याशी पगार ठरवणे, त्यांना आणणे आणि घरी पाठवणे हे सारे मॅनेजरकडे असते. तो एकाच वेळी प्रशिक्षक, निवड समिती आणि नोकरी देणारा असतो. मी ज्या सात जणांबरोबर काम केले, त्यांच्यात सामन्यातील निर्णयांच्या बाबतीत फार मोठे अंतर नव्हते. अंतर होते ते फेब्रुवारी महिन्यात त्यांच्या फोनला कोण उत्तर देत असे, यात.

हंगाम मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालतो आणि त्यात शंभराच्या आसपास सामने होतात. त्याआधी सराव शिबिराला जेमतेम दोन आठवडे मिळतात. म्हणजे संघ घडवण्याचे काम डिसेंबर ते एप्रिल या काळात, घरी बसून, फोनवर होते. डिसेंबरात बेसबॉलची वार्षिक हिवाळी बैठक भरते, तेथे ओळखी होतात. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मेजर लीगचे क्लब आपल्या सराव शिबिरांतून मोठ्या संख्येने खेळाडू कमी करतात, आणि त्या तीन-चार दिवसांत ज्या मॅनेजरला आधी कळते तो आपल्या संघाचा कणा मिळवून जातो. त्यासाठी एजंट, महाविद्यालयीन प्रशिक्षक, संलग्न संघांतील पिचिंग कोच आणि आपल्याच जुन्या खेळाडूंचा विश्वास लागतो. जुने खेळाडू सर्वांत महत्त्वाचे, कारण नुकताच काढला गेलेला मुलगा प्रथम आपल्या मित्राला विचारतो की तो माणूस कसा आहे, पगार वेळेवर मिळतो का, दिलेला शब्द पाळला जातो का.

त्यात लीगचे नियम आडवे येतात. बहुतेक लीगमध्ये खेळाडूंची अनुभवानुसार वर्गवारी असते. नवोदित किमान इतके असलेच पाहिजेत आणि अनुभवी कमाल इतकेच चालतील, अशी बंधने असतात. एकूण पगारावरही मर्यादा असते. फ्रंटियर लीगमध्ये २०१० च्या दशकात चोवीस खेळाडूंच्या संघासाठी संपूर्ण हंगामाची मर्यादा ७५,००० डॉलर होती, आणि एका खेळाडूचा मासिक पगार ६०० ते १,६०० डॉलरच्या दरम्यान असे. हा हिशेब मांडून पाहा. सरासरी खेळाडूला एका हंगामाचे तीन हजार डॉलरच्या आसपास मिळतात. म्हणून तो शहरातील एखाद्या यजमान कुटुंबाच्या घरी राहतो, त्यांच्याच स्वयंपाकघरात जेवतो, आणि हिवाळ्यात गोदामात किंवा जिममध्ये काम करतो. चांगला नवोदित खेळाडू हा अशा लीगमधील सर्वांत मौल्यवान माल आहे, आणि तो ओळखण्यासाठी अनुभवी मॅनेजरपेक्षा आपण अधिक लायक असू शकता, कारण महाविद्यालयातून बाहेर पडलेली पिढी आपल्या ओळखीची आहे. आपल्या तरुण वयाचा हा पहिला खरा फायदा आहे.

आता जे काम कोणी शिकवत नाही त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. हंगामाच्या सुरुवातीला चोवीस खेळाडू असलेल्या आमच्या संघातून एका वर्षी सप्टेंबरपर्यंत एकेचाळीस जण येऊन गेले. म्हणजे सतरा वेळा कोणाला तरी खोलीत बोलावून, दार लावून, त्याचे काम संपल्याचे सांगावे लागले. संलग्न संघातून काढलेल्या खेळाडूला स्वतंत्र लीग तरी उरते. येथून काढलेल्याला बहुधा काहीच उरत नाही. लहानपणापासून जोपासलेली गोष्ट त्या खोलीत संपते, आणि ती आपण संपवत असतो. माझ्या पहिल्याच हंगामात, ज्या संघाचे नाव मी घेणार नाही तेथे, एका इनफिल्डरला (तळांजवळच्या क्षेत्ररक्षकाला) बस सुटण्यापूर्वी दहा मिनिटे आधी पार्किंगमध्ये उभ्या उभ्या काढण्यात आले. त्याचे सामान बसच्या पोटात चढवलेले होते, ते त्याने सर्वांसमोर खाली उतरवून घेतले. निर्णय योग्य होता, त्याची फलंदाजी खरोखर संपली होती. पण त्या रात्री सहा तासांच्या प्रवासात बसमध्ये कोणी बोलले नाही, आणि पुढच्या हिवाळ्यात आम्हाला हव्या असलेल्या दोन पिचरांनी दुसरीकडे करार केला. कागद तयार करण्याचे काम माझे होते. ते सकाळी झाले असते तर त्याला सकाळीच सांगता आले असते. मी ते दुपारपर्यंत ठेवले, आणि ही माझी चूक मी आजही विसरलेलो नाही.

जॉन ओडम या पिचरची हकिकत प्रत्येक नव्या मॅनेजरला ठाऊक असावी असे मला वाटते. २००८ मध्ये कॅलगरी व्हायपर्स या कॅनडातील संघाने त्याच्याशी करार केला, परंतु एका जुन्या गुन्ह्याच्या नोंदीमुळे त्याला कॅनडात प्रवेश मिळेना, म्हणून टेक्सासमधील लरेडो ब्रॉन्कोज या संघाला तो देण्यात आला आणि त्याच्या बदल्यात मेपलच्या लाकडाच्या दहा बॅट घेण्यात आल्या. संघांच्या दृष्टीने हा सरळ व्यवहार होता. रोख रक्कम नको, बॅट हव्यात, इतकेच. पण ती बातमी देशभर पसरली, परक्या मैदानांवर प्रेक्षक त्याला त्यावरून चिडवू लागले, आणि काही आठवड्यांतच त्याने खेळ सोडला. त्याच वर्षी नोव्हेंबरात, वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. त्याच्या आयुष्यात आधीपासून इतरही अडचणी होत्या, त्यामुळे एकाचा संबंध दुसऱ्याशी जोडण्याचा अधिकार मला नाही. तरीही कोणताही करार, अदलाबदल किंवा घोषणा करताना तो कागद त्या माणसाला कसा वाचावा लागेल, हे एकदा पाहण्याची सवय मला या घटनेने लावली.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे पुढच्या वाटेकडे, येतो. आपल्या परिस्थितीशी सर्वांत जवळचे उदाहरण फ्रॅन रिओर्डन यांचे आहे. फ्रंटियर लीगमधील इंडियाना राज्यातील रिचमंड रूस्टर्स या संघाचे ते खेळाडू होते आणि पंचविशीच्या आसपास असतानाच त्यांच्याकडे मॅनेजरपद आले. ते खेळतही होते आणि संघ चालवतही होते. २००१ आणि २००२ अशी सलग दोन विजेतेपदे त्यांनी रिचमंडला मिळवून दिली, २००५ मध्ये कॅलामाझू किंग्जला, आणि पुढे फ्लॉरेन्स फ्रीडमसह इतर संघांचे काम पाहिले. एवढे करूनही संलग्न बेसबॉलमध्ये त्यांचा प्रवेश २०१५ मध्ये झाला, तोही ओकलंड अॅथलेटिक्सच्या खालच्या पायरीवरील बेलॉइट येथील संघात. तेथून मिडलँड, मग नॅशव्हिल, आणि २०१९ पासून लास व्हेगास एव्हिएटर्स; यांतील शेवटचे दोन्ही संघ मेजर लीगच्या थेट खालच्या पायरीवरचे. तीन विजेतेपदे असलेल्या, लहान वयात सुरुवात केलेल्या माणसाला दार उघडण्यासाठी दीड दशक लागले, आणि उघडल्यावर मात्र तीन-चार वर्षांत तो वरच्या पायरीपर्यंत गेला. मला यातून असे दिसते की स्वतंत्र लीगमध्ये शिकलेले काम वर उपयोगी पडते, पण वरचे लोक ते सहजासहजी मोजत नाहीत.

मार्क पेरेंट यांची वाट वेगळी होती. ते मेजर लीगमध्ये कॅचर (फलंदाजामागे बसणारा, यष्टिरक्षकासारखा खेळाडू) म्हणून खेळले होते, कॅलिफोर्नियातील चिको आउटलॉज या संघाचे मॅनेजर झाले, आणि २०१२ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सचे बेंच कोच. ज्याच्यापाशी मेजर लीगमध्ये खेळल्याचा शिक्का आहे, त्याच्यासाठी स्वतंत्र लीग हा मधला थांबा असू शकतो. आपल्यापाशी तो शिक्का नाही, म्हणून आपण रिओर्डन यांचा काळ गृहीत धरावा, पेरेंट यांचा नव्हे.

बहुसंख्य चांगल्या मॅनेजरांची कारकीर्द मात्र वर जाण्याची नसते, ती एका शहरात मुरण्याची असते, आणि मला तीच अधिक आदरणीय वाटते. डग सिमुनिक १९९६ ते २०१७ अशी बावीस वर्षे फार्गो-मूरहेड रेडहॉक्सचे मॅनेजर होते. क्यूबेक कॅपिटालमध्ये पॅट्रिक स्कॅलाब्रिनी खेळाडू होते, २०१० मध्ये वयाच्या तेहतिसाव्या वर्षाच्या सुमारास मॅनेजर झाले, पहिल्या चारही वर्षी विजेतेपद मिळवले, आणि लीग बदलल्यावरही २०२२ पासून पुन्हा विजेतेपदे मिळवत राहिले. त्या शहरात संघाचा चेहरा म्हणून लोक त्यांनाच ओळखतात. केव्हिन हूपर हे कॅन्सासमधील विचिटाच्याच विद्यापीठात खेळलेले, डेट्रॉइट टायगर्सकडून मेजर लीगचे मोजके सामने खेळलेले. २००९ मध्ये विचिटा विंगनट्सचे मॅनेजर झाले आणि २०१४ चे विजेतेपद मिळवले. नंतर नव्या मैदानासाठी जुने लॉरेन्स-ड्यूमाँट स्टेडियम पाडण्यात आले आणि संघच संपला.

स्टीव्ह ब्रुक यांचे उदाहरण आपण नीट लक्षात ठेवावे. २०१० मध्ये मिसूरीतील रिव्हर सिटी रास्कल्सचे ते तरुण मॅनेजर झाले आणि पहिल्याच वर्षी फ्रंटियर लीग जिंकली. २०१९ मध्ये पुन्हा जिंकली, आणि त्या विजेतेपदानंतर लगेच संघ बंद झाला. जिंकणे आणि नोकरी टिकणे यांचा येथे थेट संबंध नाही. पुढे त्याच परिसरातील गेटवे ग्रिझलीजने त्यांना घेतले. सदर्न इलिनॉय मायनर्सचे माइक पिंटो २००७ पासून मॅनेजर होते, २०१२ मध्ये विजेते झाले, आणि २०२१ नंतर तोही संघ बंद पडला. म्हणून मालक कोण आहे, त्याचा पैसा कोठून येतो आणि मैदानाचा करार किती वर्षांचा आहे, हे प्रश्न बेसबॉलचेच प्रश्न आहेत असे मी नव्या मॅनेजरांना सांगत आलो आहे.

एका बाबतीत मात्र आपली वेळ रिओर्डन यांच्या वेळेपेक्षा बरी आहे. २०२१ पासून मेजर लीगने आपल्या संलग्न संघांची संख्या १६० वरून १२० वर आणली, आणि शालेय आणि महाविद्यालयीन खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या फेऱ्या, ज्या पूर्वी चाळीस होत्या, त्या वीसवर आल्या. जे मुलगे पूर्वी सहज संलग्न संघांत गेले असते, ते आता मोठ्या संख्येने आपल्या दारात येतात. अटलांटिक लीग, अमेरिकन असोसिएशन, फ्रंटियर लीग आणि पायोनियर लीग या चारही लीग मेजर लीगच्या भागीदार झाल्या आहेत. खेळाडूचे मोजमाप करणारी यंत्रे आता अनेक मैदानांवर आहेत, आणि वरच्या क्लबचा माणूस फोनवर प्रथम चेंडूचा वेग, त्याची फिरकी आणि बॅटवरून सुटणाऱ्या चेंडूची गती विचारतो. जुन्या मॅनेजरांपैकी काहींना ही भाषा परकी वाटते. आपल्याला ती येते, आणि त्यामुळे आपल्या खेळाडूची शिफारस आपण अधिक नेमकेपणाने करू शकाल.

शिफारशीचा विषय आलाच आहे तर खेळाडू विकण्याविषयी लिहितो. स्वतंत्र संघातील चांगल्या खेळाडूचा करार मेजर लीगचा क्लब विकत घेतो, किंमत बहुधा काही हजार डॉलर, कधी त्याहून कितीतरी कमी. व्हेनेझुएलाचा डेव्हिड पेराल्टा मेजर लीगमधील सेंट लुई कार्डिनल्स या क्लबच्या खालच्या संघांत पिचर होता. खांद्याच्या दुखापतींनंतर काढला गेला, आउटफिल्डर (मैदानाच्या बाहेरच्या भागातला क्षेत्ररक्षक) म्हणून परत आला, २०१२ मध्ये हूपर यांच्या विचिटात खेळला, २०१३ मध्ये अमरिलोत, आणि त्या जुलैत अॅरिझोना डायमंडबॅक्सने त्याला घेतले. पुढल्या वर्षी तो मेजर लीगमध्ये होता. अमरिलोच्या बाजूने हा जुलै पाहा. हंगाम ऐन भरात, पात्रता फेरीचे गणित चालू, आणि संघातला सर्वोत्तम फलंदाज एका दिवसात जातो. आपल्या पहिल्या हंगामात हे घडेल. तो फोन आल्यावर एक तासही न दवडता त्या खेळाडूला सांगणे, त्याला विमानतळावर पोचवण्याची व्यवस्था करणे आणि मग मालकाला संघाची अडचण सांगणे, असा क्रम ठेवा. खेळाडूला दोन आठवडे अडवून धरणारा मॅनेजर मी पाहिला आहे. त्याने ते दोन आठवडे जिंकले, पण पुढच्या वर्षी त्याच्याकडे यायला कोणी तयार होईना.

याच कारणासाठी तरुण मॅनेजरांचा एक मोह मला धोक्याचा वाटतो. आघाडी एका धावेची, नऊपैकी आठवी इनिंग, आणि बुलपेनमध्ये (राखीव पिचरांच्या तयारीच्या जागेत) एकच भरवशाचा हात, जो काल आणि परवा वापरून झाला आहे. संलग्न संघात वरचे कार्यालय आपल्याला थांबवते. येथे थांबवणारे कोणी नाही. त्या मुलाला विचारले तर तो खेळतो असेच म्हणणार, कारण आपण त्याला काढू शकतो हे तो जाणतो. म्हणून त्याला विचारू नका, वहीत पाहा. सलग किती दिवस, किती चेंडू, किती वेळा चेंडू टाकून तयार झाल्यावरही बसवून ठेवला, हे सर्व रोज लिहिलेले असले पाहिजे, आणि तिसऱ्या दिवशी तो हात उपलब्ध नाही हे सामना सुरू होण्याआधीच ठरलेले असले पाहिजे. एक सामना हरण्याची किंमत मी कैकदा मोजली आहे. कोपराच्या शस्त्रक्रियेची किंमत मात्र तो मुलगा एकटा मोजतो, आणि अशा लीगमधून त्यानंतर परतणारे फारच थोडे.

वयाने मोठ्या खेळाडूंविषयी आपली जी भीती आहे, ती मला समजते, कारण आपण ज्या घरातून आलो तेथे मोठ्यांना काही सुनावणे हेच अवघड. पण तेहतीस वर्षांचा, एकेकाळी मेजर लीगच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन आलेला खेळाडू आपले वय मोजत नाही. आजच्या सामन्यात तो आहे की नाही हे दुपारी दोनपर्यंत भिंतीवर लागेल का, उद्या बसेल तर कारण कळेल का, आणि आपण आठवड्यापूर्वी जे बोललो तेच आजही बोलतो आहोत का, हे तो पाहतो. हिटिंग कोच असताना आपण त्यांचे मित्र होता, त्यांच्याबरोबर जेवायला जात होता. ते आता कमी होईल, आणि ते हळूहळू कमी करण्यापेक्षा सराव शिबिराच्या पहिल्याच दिवशी सर्वांना सांगून कमी करणे चांगले. संघात दोन अनुभवी खेळाडू असे निवडा ज्यांना पुढे प्रशिक्षक व्हायचे आहे. त्यांना आपले निर्णय आधी ऐकवा, त्यांचा विरोध खोलीत ऐकून घ्या. तेथे आपला एखादा निर्णय चुकीचा असल्याचे त्यांनी दाखवले तर तो बदला, आणि बदलला असे त्यांच्यासमोर म्हणा. मी पाहिलेल्या तिशीच्या आतल्या तीन मॅनेजरांपैकी जो टिकला नाही, त्याला खेळाचे ज्ञान सर्वांत अधिक होते, परंतु आपण चुकलो हे तो एकदाही म्हणाला नाही.

खेळाडूविषयीचे आपले मत बदलण्याची तयारीही याच स्वभावातून येते. डॅनियल नाव्हा २००६ मध्ये चिको आउटलॉजमध्ये आला तेव्हा संघाने त्याला ठेवून घेतले नाही. पुढच्या वर्षी जागा रिकामी झाली तेव्हा परत बोलावले, आणि तो लीगमधील सर्वोत्तम फलंदाजांपैकी एक ठरला. बोस्टन रेड सॉक्सने त्याचा करार एका डॉलरला घेतला. १२ जून २०१० रोजी मेजर लीगमध्ये त्याच्याकडे आलेल्या पहिल्याच चेंडूवर त्याने तिन्ही तळांवर आपले धावपटू असताना होमरन (मैदानाबाहेर जाणारा फटका, येथे एकदम चार धावांचा) मारला. चिकोने त्याला पहिल्या वेळी नाकारले यात मला दोष दिसत नाही, कारण जागा मोजक्या असतात. दुसऱ्या वेळी त्याचा फोन नंबर जवळ होता आणि त्याला बोलावण्यात कोणाचा अभिमान आड आला नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

डावपेचांविषयी आपण बरेच लिहिले आहे, म्हणून अलीकडची एक घटना सांगतो. सप्टेंबर २०२५ मध्ये पायोनियर लीगमधील ओकलंड बॉलर्स या संघाने एका सामन्यापुरते मॅनेजरचे निर्णय कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीकडे सोपवले. मॅनेजर एरन माइल्स हातात टॅब्लेट घेऊन ते अमलात आणत होते. लाइनअप, पिचर कधी बदलायचा, राखीव फलंदाज केव्हा पाठवायचा हे सर्व प्रणालीने ठीक पार पाडले. माइल्स यांना तिचा निर्णय बाजूला ठेवावा लागला तो सुरुवातीचा कॅचर बरा नव्हता म्हणून. आपण ज्याची तयारी सर्वांत अधिक केली आहे तो भाग यंत्राला जमला, आणि सकाळी त्या कॅचरचा चेहरा पाहून कळणारी गोष्ट जमली नाही. डावपेच शिकू नका असे मी म्हणत नाही. त्यांना आपल्या वेळेतला किती वाटा द्यायचा, याचा विचार करा.

पैशाविषयी थोडक्यात. आपण ग्रीन कार्डधारक आहात, त्यामुळे व्हिसाची चिंता नाही. करार पाच महिन्यांचा आहे की बारा महिन्यांचा, हे प्रथम पाहा. पाच महिन्यांचा पगार देऊन हिवाळ्यातील खेळाडू शोधण्याचे काम फुकट करून घेणारे मालक आहेत. आरोग्य विमा, फोनचा व प्रवासाचा खर्च, राहण्याची जागा हे लेखी असावे. मी ज्या एका संघात होतो, तेथे ऑगस्टमध्ये दोन वेळा पगार उशिरा झाला आणि खेळाडूंच्या प्रश्नांना तोंड देण्यासाठी खोलीत उभा राहिला तो मॅनेजर, मालक नव्हे. हिवाळ्यात बहुतेक मॅनेजर मुलांना शिकवण्या देतात, महाविद्यालयात सहायक म्हणून काम करतात किंवा एखाद्या क्लबसाठी खेळाडू पाहतात. यातले शेवटचे काम मिळाले तर ते कमी पैशांतही घ्या, कारण संलग्न संघांतील लोक आपल्याला तेथेच ओळखू लागतील.

मालकांना होकार देण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या: खेळाडू घेण्याचा आणि काढण्याचा शेवटचा शब्द कोणाचा. तो आपला नसेल, आणि पराभवाची जबाबदारी मात्र आपली असेल, तर आणखी दोन वर्षे हिटिंग कोच राहणे चांगले. तो आपला असेल, तर ऑक्टोबर संपण्यापूर्वी उत्तर द्या, म्हणजे पूर्ण हिवाळा हाताशी राहील. पहिला फोन एखाद्या चांगल्या कॅचरला करा, कारण या लीगमध्ये पिचर जूनमध्येही मिळतात, पण तरुण पिचरांना धीर देणारा, रात्रभर बसप्रवास करून दुसऱ्या दिवशी नऊ इनिंग बसू शकणारा कॅचर जानेवारीनंतर मिळत नाही. आणि आपल्या मागच्या हंगामातील जो कॅचर आपण पत्रात नावाशिवाय उल्लेखिला आहे, ज्याने शेवटच्या आठवड्यात बोट सुजलेले असताना खेळ केला, त्यालाच प्रथम विचारा.